पंप चांगला होता

देवबागला खाडीत नांगरलेली होडी मागच्या बाजूने बसली होती. वीस फुटी फायबर, पर्यटकांना फिरवायची, वर छप्पर नाही. आउटबोर्डचं, म्हणजे मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचं, डोकं पाण्याखाली. मालकांचं फोनवरचं पहिलंच वाक्य, "तळातलं पाणी बाहेर फेकायला नवाकोरा ऑटोमॅटिक पंप होता, तरी बुडाली. आता कुठल्या कंपनीचा टाकू तेवढं सांगा."

हे मला सगळेच विचारतात. खोक्यावरचा आकडा मोठा म्हणजे पंप भारी, अशी समजूत आहे, आणि विकणाऱ्यालाही ती सोयीची पडते. यांनी आधीचा ५०० गॅलनचा काढून १५०० चा घातला होता. तासाला १५०० गॅलन म्हणजे साडेपाच हजार लिटरच्या वर. पण हा आकडा बहुतेक वेळा पाणी अजिबात वर न चढवता, १३.६ व्होल्टवर मोजलेला असतो. नांगरलेल्या होडीत इंजिन बंद, बॅटरी बाराच्या आसपास, पाइपाला दोन-तीन वळणं. खोक्यावरच्या निम्मं पाणी पडलं तरी मी खूश असतो.

होडी वर ओढल्यावर पंप सोडवला, बादलीत ठेवला, चांगली बॅटरी लावली. झकास चालला. फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर तरंगून पंप चालू करणारा स्विच, हाताने उचलला तर चालू, सोडला तर बंद. पात्यात जाळ्याचा दोरा नाही, प्लास्टिक नाही. वायरींचे जोड मात्र पिळून वर काळी टेप गुंडाळलेले, आत तांबं हिरवं पडलेलं. अशा जोडांवर पैसे घेणाऱ्याला एकदा तरी पावसात होडीवर झोपवायला हवं. पण तेही अजून वीज नेत होते. बॅटरी तेवढी पार मेलेली.

मग सगळं होतं तसं परत जोडलं आणि तळाच्या खळग्यात दोन बादल्या पाणी ओतलं. पंपाने ते फेकलं, थांबला. पाइपात गुळगुळ आवाज झाला, खळग्यात पाणी वर आलं, फ्लोट उचलला, पंप चालू. पुन्हा थांबला, पुन्हा गुळगुळ. थेंबभर नवीन पाणी न घालता हे चालूच राहिलं. बादलीत हे कधीच दिसलं नसतं.

पूर्वी पाणी मागेच, शिडीजवळ बाहेर पडायचं. शिडी चढणाऱ्या पर्यटकांच्या अंगावर काळं पाणी उडतं म्हणून मालकांनी पाइप कडेकडेने पुढे नेला होता, चांगला चार मीटर. मोठ्या पंपाला पाइपही जाड, २८ मिलिमीटरचा. त्यात अडीच लिटर पाणी मावतं. पंप थांबला की ते सगळं मागे येतं. खळगा फूटभर लांब, अर्धा फूट रुंद, म्हणजे अडीच लिटरने पातळी पाच सेंटिमीटरच्या वर चढते. एवढ्यात फ्लोट उचलतोच. जुन्या पंपाच्या १९ मिलिमीटर पाइपात याच्या निम्म्याहून कमी पाणी राहिलं असतं.

हा पंप पाच अँपिअरच्या आसपास घेतो. दर पाच सेकंदांतलं एक सेकंद चालला तरी ८० अँपिअर-तासांची बॅटरी तीन-चार दिवसांत संपते. होडी परतीच्या पावसामुळे त्याहून जास्त दिवस उभी होती. मग १०० मिलिमीटर पाऊस झाला की बारा चौरस मीटरच्या उघड्या होडीत १२०० लिटर पाणी साचतं. चांगल्या बॅटरीवर हाच पंप ते तास-अर्ध्या तासात फेकून देतो.

शेजारच्या होडीवरच्या खलाशाला विचारलं. म्हणाला, "रातभर आवाज येय होतो. माका वाटला पंप चालू आसा, मगे कसली काळजी?" हेच माझ्या डोक्यातून जात नाही. आवाज ऐकू येत होता म्हणून सगळे निर्धास्त झोपले.

मालक म्हणाले, पाइपात एकतर्फी व्हॉल्व्ह टाका. मी नाही म्हटलं. त्याच्या झडपेत खवला किंवा वाळूचा कण अडकला की ती उघडी राहते नाहीतर चिकटते. वर पाणी उभं आणि पंपात हवा कोंडली, तर पातं नुसतं फिरतं. हा पंप हवा ढकलून पाणी खेचू शकत नाही.

शेवटी खळग्यात छोटा ५०० चा, बारीक आणि आखूड पाइप लावून. त्याचं तोंड पाण्याच्या रेषेच्या बरंच वर, शिडीच्या दुसऱ्या बाजूला. हातभर उंचीवर १५०० चा, वेगळ्या फ्लोटवर. दोन्हींची वायर आपापल्या फ्यूजमधून थेट बॅटरीला, मेन स्विच बंद केला तरी चालू राहतील अशी. जोड सगळे वर, गरम केल्यावर आवळणाऱ्या चिकट नळीत बंद. दोन पंपांचा खर्च ऐकून मालक जरा गप्प झाले, पण इंजिनाच्या दुरुस्तीचं बिल हातातच होतं.

वरचा पंप चालू झाला की भोंगा वाजावा, असं मी सुचवलंय. त्यांना ते पटत नाही. रात्री वाजला तर अख्खी वाडी उठेल म्हणतात. वाडी उठावी म्हणूनच तो लावायचा, हे दोनदा सांगून झालं. भोंग्याची वायर मी ओढून ठेवली आहे.