कोकणातली सदतीस मिनिटं

रत्नागिरीच्या घड्याळात बारा वाजले तरी सूर्य माथ्यावर यायला अजून साधारण सदतीस मिनिटं असतात. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्तावरची. आम्ही त्याच्या सव्वानऊ अंश पश्चिमेला, आणि अंशाला चार मिनिटं. त्यामुळे जूनमध्ये आजी देवापाशी दिवा लावते तोवर टीव्हीवर सातच्या बातम्या उरकत आलेल्या असतात. 'वेळेवर दिवेलागण राहिली नाही' ही तिची तक्रार. आता ती पंचांगाची की दिल्लीची, कोण सांगणार!

१९०६ साली प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबई मुळीच बधली नाही. तिची वेळ एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि ती सोडायला गिरणी कामगारांपासून नगरपालिकेपर्यंत कुणी राजी नव्हतं. पालिकेने तर १९५५ पर्यंत ताणून धरलं. गिरण्यांत आमच्याच भागातली माणसं किती होती ते पाहता हा हट्ट कोकणी वाटतो, पण पुरावा मागू नका.

आमच्या जेटीवर मात्र आजही वेगळीच वेळ चालते. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलाय, भरतीशिवाय होडी आत येत नाही. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, तिथीला पाऊणने गुणतो. 'उद्या पंचमी. पावणेचारला पाणी भरतंय, मासळी हवी तर तेव्हा ये.' हिशेब ढोबळ, पण मी गेलो तेव्हा होडी खरंच धक्क्याला लागत होती. अष्टमीला सहा, की मग भांगाची भरती, म्हणजे पाण्याला जोर नाही. हे सगळं तो सांगतो मोबाइलवरची प्रमाणवेळ बघतच.

खरा जाच आसामला. डिसेंबरात गुवाहाटीला साडेचारच्या सुमारास सूर्य बुडतो; आमच्याकडे तेव्हा चहाचं आधण पडत असतं. तिथल्या चहामळ्यांनी फार पूर्वीपासून स्वतःची एक तास पुढची वेळ ठेवली आहे. २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ईशान्येला ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढची, म्हणजे आपल्याहून एक तास पुढची, वेगळी वेळ सुचवली. सीमारेषा आसाम-बंगालच्या चिंचोळ्या पट्ट्यात, म्हणजे रुळांवर घड्याळ बदलायच्या जागा कमीत कमी. विचार नीट केलेला आहे, तरी मला पटत नाही. चीन आपल्याहून किती तरी रुंद, तो १९४९ पासून एकाच वेळेवर चालतो आणि पश्चिमेकडच्या शिंच्यांगमध्ये लोक खुशाल दोन तास मागची वेळ वापरतात.

त्यापेक्षा घड्याळ एकच ठेवा आणि कचेऱ्या, शाळा कधी उघडायच्या ते जिल्ह्यावर सोपवा. महाराष्ट्रात २०२४ साली चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आत भरवू नका असा आदेश निघाला, त्यासाठी कुणाला रेखावृत्त हलवावं लागलं नाही. गुवाहाटीची कचेरी आठला उघडून चारला बंद झाली तर बिघडतं कुठे? दिल्लीतून पाचला फोन करणाऱ्या साहेबांची गैरसोय होईल, तेवढी त्यांनी सोसावी.