आडनावाचा करार: जेनोआतील दोरियांच्या चौकात

इटलीतल्या जेनोआ या बंदरशहरातल्या दे फेरारी चौकातली वर्दळ मागे टाकून उताराच्या एका अरुंद गल्लीत शिरलो आणि थोड्याच अंतरावर सान मात्तेओचा लहानसा चौक लागला. एका अंगाला मार्तिनो दोरियाने ११२५ साली स्थापन केलेले चर्च, समोर आणि बाजूंना दोरियांची घरे, आणि भिंतींवर पांढऱ्या संगमरवराचे व काळ्या दगडाचे आडवे पट्टे. चर्चच्या दर्शनी भिंतीवरील पांढऱ्या पट्ट्यांवर लॅटिन लेख कोरले आहेत. १२८४ मध्ये मेलोरियाजवळ पिसाचा आणि १२९८ मध्ये कुर्झोलाजवळ व्हेनिसचा केलेला पराभव त्यांत नोंदला आहे. कुर्झोला जिंकणाऱ्या लांबा दोरियाला याच भिंतीतल्या एका जुन्या रोमन शवपेटीत चिरविश्रांती मिळाली. आरमार प्रजासत्ताकाचे, पण विजयाची नोंद एका घराण्याच्या भिंतीवर, हे मला त्या शहराच्या राजकारणाचे सारच वाटले.

अशा वस्तीभोवती जे संघटन उभे राहिले त्याला जेनोआत ‘आल्बेर्गो’ म्हणत. त्यात रक्ताचे नातेवाईक असतच, पण कित्येकदा परस्परांशी काहीही नाते नसलेली घराणी करार करून एकच आडनाव आणि एकच कुलचिन्ह स्वीकारत. आपल्याकडे मुलगा दत्तक जातो. इथे अख्खी घराणी दत्तक जात. लहान घराण्याला संरक्षण मिळे, मोठ्याला माणसे, आणि दोरिया व स्पिनोला एका पक्षात तर फिएस्की व ग्रिमाल्दी दुसऱ्या पक्षात अशा वैराच्या शहरात दोन्हींची गरज होती. १३३९ मध्ये सिमोने बोक्कानेग्रा पहिला दोजे, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख, झाला आणि पुढे ते पद सरदारांना बंद झाले, तेव्हा तर आल्बेर्गोचे महत्त्व आणखी वाढले.

तिथून जुस्तिनियानींच्या गल्लीत गेलो. या घराण्याला मूळ पुरुषच नाही. १३४६ मध्ये खाजगी जहाजांच्या ताफ्याने एजियन समुद्रातले खिओस बेट जिंकले, त्याच्या कारभारासाठी कंपनी निघाली आणि १३६२ मध्ये तिच्या भागधारकांनी आपापली आडनावे सोडून जुस्तिनियानी हे एकच नाव घेतले. मस्तकीच्या, म्हणजे तिथल्या सुगंधी डिंकाच्या, व्यापारावर हे ‘कुटुंब’ १५६६ मध्ये तुर्कांनी बेट घेईपर्यंत टिकले. मला तरी सगळ्या आल्बेर्गोंमध्ये हाच सर्वांत प्रामाणिक वाटतो. एम्ब्रियाची घराण्याचा उंच मनोरा जवळच आहे, पण तो गल्लीत मान वाकडी करूनच पाहावा लागतो.

परतताना पुन्हा सान मात्तेओवरूनच आलो. कोपऱ्यावरच्या घराच्या दारावर, मातृभूमीचा मुक्तिदाता म्हणून नौसेनानी आंद्रेआ दोरियाला ते घर सिनेटने भेट दिल्याचा लेख आहे. १५२८ मध्ये फ्रेंचांची साथ सोडून त्याने जेनोआ स्वतंत्र केले, आणि त्याच वर्षीच्या नव्या व्यवस्थेत खाजगी करारांचा सरकारी कायदा झाला. शहरात किमान सहा घरे असलेल्या घराण्यांचे २८ आल्बेर्गो ठरले आणि बाकीच्या सरदारांना त्यांपैकी एकाचे आडनाव लावावे लागले. दोजेपदासाठी दीर्घकाळ भांडलेल्या आदोर्नो आणि फ्रेगोसो या घराण्यांना मुद्दामच वगळले, म्हणजे त्यांनाही दुसऱ्यांच्याच नावाखाली जावे लागले. दोन वर्षांच्या मुदतीचा पहिला दोजे ओबेर्तो हा मूळचा लाझ्झारी, पण निवडला गेला तो कात्तानेओ म्हणून. आडनाव एक झाले तरी मने जुळली नाहीत. जुने सरदार सान लुकाच्या ओवरीत जमत, सामान्यांतून वर आलेले नवे सरदार सान पिएत्रोच्या. १५७५ मध्ये दोन्ही गटांत यादवी पेटली आणि १५७६ च्या कायद्यांनी आल्बेर्गो मोडीत काढून घराण्यांना त्यांची मूळ आडनावे परत दिली.