मॅनिफोल्डचं पॉलिश: बाहेर आरसा, आत खरखर

मारुतीच्या एस्टीम आणि जिप्सी किंग या गाड्यांमधल्या १२९८ सीसीच्या जी-१३बीबी इंजिनाचं इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) ओतीव ॲल्युमिनियमचं आहे, म्हणून पॉलिशला उत्तम. आजच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत ते नायलॉनचं येतं. त्यांना यातलं काहीच लागू नाही.

आधी आतलं बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. बाहेर चमक येते तेव्हा हात शिवशिवतात आणि रनरच्या, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या हवेच्या नळ्यांच्या, आतही आरसा करावासा वाटतो. करू नका. इंजेक्टर पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या दिशेने मारतो, त्यातला काही भाग भिंतीवर बसतो. भिंत गुळगुळीत असली की थेंब एकत्र येऊन त्यांचे ओघळ होतात आणि ते ओघळ तसेच सिलिंडरमध्ये जातात. भिंत थोडी खरखरीत असली की तोच पातळ थर पसरतो आणि लवकर वाफ होतो. इंजेक्टरच्या पुढच्या काही सेंटिमीटरला ८० ते १२० नंबरच्या सँडपेपरची फिनिश ठेवा. कार्बोरेटरच्या इंजिनात तर अख्खा रनर ओला असतो, तिथे हा नियम सगळीकडे पाळायचा.

आत खरा फायदा आकारात आहे. ओतकामाची राहिलेली धार, साच्याच्या जोडाची रेघ, आणि मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या पोर्टशी (हवा आत जायच्या भोकाशी) न जुळल्याने पडलेली पायरी, एवढंच काढायचं. फ्लँजला (हेडला टेकणाऱ्या सपाट बाजूला) मार्किंग ब्लू, म्हणजे आखणीचा निळा रंग, लावा, नवीन गॅस्केट स्टडच्या भोकांवर नेमकं बसवा आणि आतल्या कडेने सुईने आखा. हेडच्या बाजूलाही तसंच करून दोन्ही ताडून पाहा. मॅनिफोल्डचं तोंड पोर्टएवढं किंवा अगदी केसभर लहान हवं, मोठं कधीच नको. हवा लहान भोकातून मोठ्यात गेली तर फारसं बिघडत नाही. मोठ्यातून लहानात जाताना मात्र ती समोरच्या भिंतीवर आदळते. कापलेला भाग २० ते २५ मिमी आत नेऊन मूळ भिंतीत हळूच विरवून टाका. सगळा रनर रुंद केलात तर कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला जी ओढते, ती ओढ जाते. कंपनीच्या कॅमवर, मूळ हेडवर चालणाऱ्या गाडीला या कामाने मोठी ताकद मिळत नाही. असं वचन कोणी दिलं तर पैसे देऊ नका.

आता उतरवणं. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर जातं. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. इंजिन थंड झाल्यावर कूलंट काढा. या इंजिनांत थर्मोस्टॅट मॅनिफोल्डवरच बसतो, त्यामुळे पाणी त्यातूनच फिरतं. मॅनिफोल्ड निघालं की हेडच्या पोर्टमध्ये स्वच्छ फडकी कोंबा, आणि किती कोंबली ते मोजून ठेवा. थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, सेन्सर, व्हॅक्यूमचे पाइप, सगळं बाजूला. तेलकटपणा रॉकेलने किंवा डिग्रीझरने जाईल. कॉस्टिक सोडा नको. तो ॲल्युमिनियम खातो आणि पृष्ठभाग काळा करतो.

पॉलिश करताना फ्लँजच्या कडा गोल होतात आणि मग गॅस्केट तिथूनच हवा खेचतं. म्हणून फ्लँजवर प्लायवुडची पट्टी बोल्टने आवळा. इंजेक्टरच्या भोकांना कडक बुचं लावा. ओ-रिंग जिथे बसते तिथे एक ओरखडा पडला तरी गळती सुरू होते.

ओतीव कातडीचे खडबडे काढायला डाय ग्राइंडरवर ॲल्युमिनियमसाठीचा रुंद दातांचा बर (फिरतं कापणारं टोक) लावा. बारीक दातांचा लगेच चोंदतो. दातांना मेण किंवा रॉकेल लावत राहा. फार खोल जाऊ नका: ओतीव धातूचा वरचा थर घट्ट असतो, खाली बारीक छिद्रं असतात, आणि जितकं घासाल तितकी ती उघडी पडतात. एक मिलिमीटरच्या पुढे तर अजिबात नाही.

मग पेपर: ८०, १२०, १८०, २४०, ३२०, ४००, ६००, ८००. चारशेपासून पुढे पाण्याने. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा काटकोनात बदला. आधीच्या नंबरच्या सगळ्या रेघा गेल्याशिवाय पुढचा घेऊ नका. बफवर लख्ख चमक आली की ऐंशीची एक राहिलेली रेघ उन्हात अगदी ठळक दिसते, आणि मग सगळं परत. साऱ्या कामातला दोन तृतीयांश वेळ इथेच जातो आणि तो द्यावाच लागतो.

बफिंग आधी सायझलच्या (काथ्यासारख्या धाग्याच्या) चाकावर ब्राउन साबणाने, म्हणजे पॉलिशच्या घट्ट वडीने, नंतर मऊ सुती चाकावर पांढऱ्या साबणाने. चाकाच्या मध्याच्या खाली, आणि कड खालच्या बाजूला राहील असंच धरा. वरच्या कडेला धरलं तर चाक तुकडा हिसकावून घेतं. लोखंडावर वापरलेलं चाक इथे नको, लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे गंजाचे ठिपके उमटतात. ॲल्युमिनियमची धूळ पेट घेते; ती साचू देऊ नका आणि जवळ वेल्डिंग चालू ठेवू नका. मास्क, गॉगल हवेतच. ओतीव मिश्रधातूत सिलिकॉन असल्याने थोडी करडी छटा राहते. पत्र्यासारखा निळसर आरसा होत नाही. हा सगळा माल मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत मिळतो.

धुणं हलक्यात घेऊ नका. गरम पाणी, भांड्यांचा साबण, बाटलीचा ब्रश, प्रत्येक बारीक वाट, मग हवा, असं तीनदा. शेवटी पांढरं फडकं आतून फिरवा. करडा डाग आला की पुन्हा धुवा. उरलेला एमरीचा कण सरळ रिंग आणि बोअरवर ओरखडे काढतो.

बसवण्याआधी फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला. ०.१ मिमीची पाती शिरली तर जाड काचेवर पेपर अंथरून फ्लँज सपाट करा. पोर्टमधली फडकी मोजून परत काढलीत ना, ते इथे एकदा बघा. गॅस्केट नवीन, सिलिकॉन सीलंटशिवाय. ८ मिमीच्या स्टडचे नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, २० ते २५ न्यूटन-मीटरला. फडकी मोजून परत काढलीत ना, ते इथे एकदा बघा.

आयडल वर-खाली होत असेल तर जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की गळती तिथेच. व्हॅक्यूम गेजवर समुद्रसपाटीला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दिसतात. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे दीड-दोन इंच कमी आले तर घाबरू नका.

पॉलिश टिकवायला साधा लॅकर नको, उष्णतेने पिवळा पडून सुटतो. कार्नोबा वॅक्सचा पातळ हात द्या. कोकणात खाऱ्या हवेत दर पंधरा दिवसांनी, पुण्या-नाशकात महिन्याने. आणि सर्व्हिसिंगला गाडी देताना इंजिनवर अल्कलीचा फोम मारू नका असं स्पष्ट सांगा, त्याने एका धुण्यात पांढरे ओघळ उमटतात आणि पुन्हा आठशेच्या पेपरपासून सुरुवात करावी लागते.