त्यांचे आजोबा तिकडे निघाले होते, मी इकडे आले

गेल्या रविवारी शेजारच्या आजींनी रीबल खायला बोलावलं. रीबल म्हणजे मक्याच्या रव्याचा पदार्थ. आपल्या सांज्याच्या जवळचा म्हणा, फक्त फोडणी नाही. दूध-पाण्यात मीठ घालून रवा घट्ट शिजवायचा, झाकून ठेवायचा आणि मग लोखंडी तव्यात लोण्यावर परतत बसायचं. आजींचं वय ८४. अर्धा तास त्या उलथन्याने ती उकड फोडत उभ्या होत्या. ठेचायची नाही, फोडायची, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. शेवटी तव्यात बारीक, सोनेरी, कडेने कुरकुरीत झालेले दाणे उरले. ताटलीत रीबल, वाटीत सफरचंदाचा गर, कपात भरपूर दुधाची कॉफी.

पहिला घास घेतला आणि आजी म्हणाल्या, "आमचे आजोबा तिकडे जायला निघाले होते. आणि तू तिकडून इकडे आलीस. का गं?"

तिकडे म्हणजे स्वित्झर्लंडला. ऑस्ट्रियातल्या होहेनएम्सच्या आमच्या घरापासून सायकलवर थोडं गेलं की जुनी ऱ्हाइन लागते, आणि पलीकडचा काठ स्वित्झर्लंडचा. सहा वर्षं मी त्या काठापासून जवळच, सांक्ट गालनला राहिले. मग नवऱ्याला या काठावर नोकरी मिळाली आणि आम्ही ऑस्ट्रियात आलो. तेव्हापासून हा प्रश्न मला गावाकडून फोनवर, लग्नात, दिवाळीत सारखा विचारला जातो. मामा तर अजून म्हणतो, "स्वित्झर्लंड सोडून कोणी ऑस्ट्रियात जातं का?" मामाला मी काहीतरी सांगून गप्प करते. आजींना तसं करता येईना, कारण त्यांच्या प्रश्नामागे शंभर वर्षांची गोष्ट होती.

११ मे १९१९ ला फोरार्लबर्गमध्ये, म्हणजे ऑस्ट्रियाच्या या पश्चिम टोकाच्या राज्यात, सार्वमत झालं. महायुद्ध हरलं होतं, साम्राज्य फुटलं होतं, घरात पीठ नव्हतं. स्वित्झर्लंडमध्ये सामील होण्याची बोलणी करावीत का, हा प्रश्न होता आणि सुमारे ८० टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. आजींचे आजोबा त्यातलेच. पण आणखी एक जर्मनभाषक, कॅथलिक राज्य आत आलं तर भाषांचा आणि पंथांचा तोल बिघडेल, अशी भीती स्वित्झर्लंडमध्ये अनेकांना होती. जिंकलेल्या राष्ट्रांनाही ते नको होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा ऑस्ट्रियाशी सां-जेर्मांचा तह झाला आणि विषय मिटला. 'कांटोन युब्रिग', उरलेला कांटोन (म्हणजे स्विस राज्य), हे नाव मात्र या भागाला चिकटलं ते चिकटलंच.

मी चंदगडची. बेळगावला बाजार करत मोठी झाले. सीमेच्या गोष्टी मला पुस्तकात वाचाव्या लागल्या नाहीत. आमच्या शेजारच्या गोव्यानेही १६ जानेवारी १९६७ ला कौल दिला, महाराष्ट्रात यायचं नाही म्हणून, आणि तो मानला गेला. इथल्या लोकांनी 'आम्हाला घ्या' म्हटलं आणि कोणी घेतलं नाही. आजी हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या आवाजात अजून थोडा मान खाली गेल्याचा सूर होता. मला तो ओळखू आला.

आता पैशाचं आधी सांगून टाकते, कारण मामाला तेवढंच ऐकायचं असतं. दोन्ही देशांची लोकसंख्या सारखीच, प्रत्येकी ९० लाखांच्या आसपास. ऑस्ट्रिया आकाराने दुप्पट. पण दरडोई उत्पन्न डॉलरमध्ये मोजलं तर स्वित्झर्लंड एक लाखाच्या घरात आणि ऑस्ट्रिया साठ हजारांच्या आसपास. माझा पगार इकडे आल्यावर जवळजवळ निम्मा झाला. हे खोटं कशाला बोलू? सांक्ट गालनला येऊन मला चार महिने झाले होते तेव्हा, १५ जानेवारी २०१५ ला, स्विस राष्ट्रीय बँकेने फ्रँकची युरोशी बांधलेली मर्यादा सोडली आणि एका सकाळीत फ्रँक कुठच्या कुठे गेला. त्या महिन्यात गावच्या घराच्या कर्जाला मी आदल्या महिन्याइतकेच फ्रँक पाठवले आणि रुपये कितीतरी जास्त पोचले. बाबा फोनवर म्हणाले, "काय गं, पगार वाढला का?" तो आनंद मी विसरलेले नाही.

पण पगाराच्या चिठ्ठीवर घर चालत नाही. घर चालतं ते महिनाअखेरी आणि मूल झाल्यावर. माझी मुलगी २०१८ मध्ये झाली. तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये आईला बाळंतपणाची पगारी रजा चौदा आठवडे, पगाराच्या ८० टक्के, तीही २००५ पासून आलेली. बापाला कायद्याने नेमून दिलेली रजा नव्हतीच. माझ्या नवऱ्याला एक दिवस मिळाला. घर बदलतानाही त्याला एक दिवसच मिळाला होता. (दोन आठवडे मिळायला लागले ते २०२१ पासून, आणि त्यासाठीही आधी मतदान घ्यावं लागलं.) चौदाव्या आठवड्यात मी मुलीला पाळणाघरात ठेवून कामावर गेले. अजून तिला मान धरून नीट बसताही येत नव्हतं. पाळणाघराचे दिवसाला १२० फ्रँक. आठवड्याचे चार दिवस धरले तर महिन्याला दोन हजारांच्या आसपास. त्यावर आरोग्यविम्याचे हप्ते, माझा वेगळा, नवऱ्याचा वेगळा, तान्ह्या मुलीचाही वेगळा. आणि हप्ता भरूनही डॉक्टरकडे गेलं की वर्षाची ठरलेली रक्कम आधी आपल्याच खिशातून जायची. मी ती रक्कम सर्वात जास्त, अडीच हजार फ्रँकची घेतली होती, हप्ता कमी बसावा म्हणून. त्यामुळे कंबर दुखत असूनही मी वर्षभर डॉक्टरकडे गेले नाही. जगातल्या एका श्रीमंत देशात राहून मी कंबरेचं दुखणं अंगावर काढलं.

आणि ऑफिसातल्या बायका मला प्रेमाने काय सुचवायच्या? "तू चाळीस टक्के कर." म्हणजे आठवड्याला दोन दिवस काम. तिथे नोकरी करणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका अर्धवेळच करतात. मुलं दुपारी जेवायला घरी येतात, मग आई घरी हवी. मला हे कोणी जबरदस्तीने सांगितलं नाही. सगळं इतक्या सौम्यपणे, इतक्या नीट मांडलेलं होतं की विरोध कोणाला करायचा हेच कळेना. ऑफिसच्या खिडकीतून आपेनत्सेलच्या टेकड्या दिसायच्या, हिरव्यागार, गाईंच्या घंटा वाजणाऱ्या. स्विस बायकांना देशपातळीवर मताचा अधिकार १९७१ मध्ये मिळाला, आणि त्या टेकड्यांवरच्या आपेनत्सेल इनररोडनमध्ये राज्यपातळीवरचा १९९० मध्ये, तोही न्यायालयाने सांगितल्यावर. ऑस्ट्रियात बायका १९१८ पासून मतदार आहेत. मी ते हिरवं डोंगरचित्र पाहायची आणि मनात तो आकडा यायचा.

इकडे ऑस्ट्रियात आई-बाबांनी वाटून घेतली तर मूल दोन वर्षांचं होईपर्यंत नोकरी राखून रजा मिळते. वर्षाला पाच आठवडे सुट्टी कायद्याने. पगार वर्षातून चौदा वेळा, उन्हाळ्यात एक जादाचा आणि नाताळात एक. दिवाळीच्या बोनससारखं हे कोणाच्या मर्जीवर नाही, जवळजवळ प्रत्येक नोकरदाराला लागू असलेल्या सामूहिक कराराने ठरलेलं आहे. विमा पगारातून जातो, मुलगी त्यात फुकट. कंबरेचं आता दाखवलं. व्यायाम दिला त्यांनी, साधा.

हो, इथेही अडतं. विम्यात बसणाऱ्या डॉक्टरची वेळ मिळायला महिने जातात, आणि पैसे देणाऱ्याला त्याच आठवड्यात मिळते. इथेही दुपारी मुलं घरी येतात, व्हिएन्नासारखं फुकट बालवाडीचं सुख फोरार्लबर्गमध्ये नाही. हॉटेलात धूर बंद व्हायला २०१९ चा नोव्हेंबर उजाडला. पण मला हे सगळं सोसतं. तिकडचं सोसलं नाही, एवढंच.

तरी एका गोष्टीपुढे मी हात जोडते. मार्च २०१२ मध्ये स्विस लोकांपुढे प्रश्न होता, सगळ्यांना वर्षाला सहा आठवडे सुट्टी द्यायची का? दोन-तृतीयांश लोकांनी 'नको' म्हटलं. मला हे कळलं तेव्हा खरंच वाटेना. सुट्टी नको म्हणणारी माणसं! पण माझ्या एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत मला सरकारकडून येणारी माहितीपुस्तिका उघडून दाखवली होती, दुसऱ्या कुठल्या तरी मतदानाची. बाजूने काय, विरोधात काय, खर्च किती. तो पेन्सिलने खुणा करत वाचत होता. वर्षातून चार वेळा तो हे करतो. अशी माणसं आपलं नुकसान कशात आहे हे स्वतः ठरवतात आणि मग तक्रार करत नाहीत. इकडे लोक पाच आठवडे सुट्टी घेतात आणि व्हिएन्नाच्या नावाने बोटं मोडतात. व्हिएन्ना इथून आगगाडीने सहा तासांहून लांब, झ्युरिक दोन तासांच्या आत.

डोंगर दोघांचा एक, आणि गरिबीही एक होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत फोरार्लबर्ग, टिरोल आणि स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडनमधून लहान मुलं वसंतात पायी दक्षिण जर्मनीत जायची, शेतांवर राबायला. श्वाबनकिंडर म्हणतात त्यांना. म्हणून 'स्विस माणूस मुळातच श्रीमंत' असं कोणी म्हटलं की मला राग येतो. आणि 'ऑस्ट्रिया म्हणजे गरीब भाऊ' म्हटलं की त्याहून येतो. जगभर रोपवे उभारणारी डॉपलमायर इथल्या वोल्फुर्टची, आणि २००२ पासून स्विस गारावेंता तिच्याशी एक झालेली.

देश म्हणून दोघांचा स्वभाव मात्र वेगळा. स्विस लोक १ ऑगस्टला डोंगरांवर होळ्या पेटवतात आणि १२९१ ची आठवण सांगतात. त्यांचा दंतकथेतला वीर विल्हेल्म टेल लढला तो हाब्सबुर्गच्या अधिकाऱ्याशी. ज्या हाब्सबुर्ग घराण्याने पुढे व्हिएन्नातून राज्य केलं, त्याचं मूळ गढीगाव आजच्या स्वित्झर्लंडमध्ये, आरगाउत आहे. ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिवस २६ ऑक्टोबर, १९५५ च्या तटस्थतेच्या कायद्याचा. त्या दिवशी लोक बूट घालून डोंगर चढायला जातात. भाषणं फारशी कानावर येत नाहीत. मला आधी वाटायचं, यांना अभिमानच नाही. आता वाटतं, १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीत सामील झाल्यानंतर ज्या देशाला स्वतःकडे नीट पाहायला पन्नास वर्षं लागली, त्याने हळू बोललेलंच बरं. चॅन्सलर फ्रानित्स्कींनी ऑस्ट्रियन लोकांच्या वाट्याची जबाबदारी संसदेत कबूल केली ती १९९१ मध्ये.

आणि तिकडेही असाच उशीर. आमच्याकडून दीपोल्ट्साउला जाणाऱ्या पुलाला पाउल ग्र्युनिंगर यांचं नाव आहे. सांक्ट गालनचे पोलीसप्रमुख. १९३८-३९ मध्ये सीमा बंद झाल्यावर त्यांनी कागदांवर मागच्या तारखा घालून शेकडो, कदाचित हजारो ज्यू माणसांना आत घेतलं. त्यांना बडतर्फ केलं गेलं, खटला झाला. १९७२ मध्ये ते गेले तेव्हाही डाग तसाच होता. न्यायालयाने निर्दोष ठरवलं १९९५ मध्ये. शनिवारी त्या पुलावरून स्विस गाड्या आमच्याकडे किराणा घ्यायला येतात. २०२५ पासून माणशी १५० फ्रँकपर्यंतच कर माफ, आधी ३०० होता. मांस माणशी एक किलो. मी पण तशीच यायची, डायपरचे गठ्ठे मागच्या सीटवर रचून. आता पुलावर पोचले की मी सायकलवरून उतरते. त्या नावाखालून पाय न टेकता जायला मला जमत नाही.

आजींच्या प्रश्नाला मी यातलं काहीही सांगितलं नाही. इतकं जर्मन मला त्यांच्या बोलीत येतही नाही. ही बोली दोन्ही काठांवर जवळजवळ एकच. 'होतं'ला हे लोक 'गसी' म्हणतात, 'छान होतं'ला 'गूअत गसी', म्हणून बाकीचे ऑस्ट्रियन यांना 'गसीबर्गर' म्हणून हाक मारतात. माझी मुलगी तीच बोलते. व्हिएन्नात एका दुकानदाराने तिला विचारलं होतं, "तू स्विस का?" ती म्हणाली होती, "नाही, चंदगडची." ते उत्तर तिच्या आजोबांनी पाठ करून घेतलेलं.

मी आजींना एवढंच म्हटलं, "मुलीसाठी आले."

आजींनी मान हलवली. "आमचे आजोबा पण त्यासाठीच निघाले होते. सात लेकरं होती त्यांना."

मग तव्यातलं उरलेलं रीबल त्यांनी परत थोडं लोणी सोडून गरम केलं. मुलगी खेळून आली, हात न धुताच तव्यातून खायला लागली. मी ओरडले, आजींनी मलाच गप्प केलं. तवा खरवडून झाल्यावर ती तोंड पुसत म्हणाली, "गूअत गसी."