स्लगसाठी आधी नळी ठरवा, काडतूस नंतर

दुकानात काडतुसाच्या खोक्यावरचा वेग वाचून स्लग (शॉटगनमधून छर्र्यांऐवजी झाडायची एकच जड गोळी) निवडला आणि तो मिळेल त्या नळीतून झाडला, तर नेम लागण्याची आशा ठेवू नका. स्लग हा नळीच्या जोडीनेच निवडायचा असतो.

शॉटगनच्या स्लगचे दोन मुख्य प्रकार. पहिला फॉस्टर. हा शिशाचा पूर्ण बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाएवढा, गोळा पुढून जड आणि मागून पोकळ असतो, त्यामुळे तो तोंड पुढे ठेवूनच उडतो. त्याच्या अंगावरच्या तिरक्या कडांनी तो गरगर फिरतो असं बरेच जण धरून चालतात. प्रत्यक्षात ते फिरणं फारच थोडं असतं. त्या कडांचं खरं काम म्हणजे चोकमधून, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळ भागातून, जाताना शिसं सहज दबू देणं. हा स्लग गुळगुळीत नळीसाठी आहे. चोक सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, म्हणजे मोकळ्यातला, ठेवा. टर्की पक्ष्याच्या शिकारीसाठीचा अतिघट्ट चोक लावून स्लग कधीही झाडू नका. दुसरा प्रकार सॅबो. यात बोअरपेक्षा बारीक गोळी प्लास्टिकच्या वेष्टनात बसवलेली असते. नळीतले आटे, म्हणजे आतल्या सर्पिल खाचा, ते प्लास्टिक पकडून गोळीला फिरवतात आणि नळीबाहेर पडताच वेष्टन गळून पडतं. गुळगुळीत नळीत तिला फिरवणारं काहीच नसल्याने ती वाटेत कोलांट्या खाते. महाग काडतूस पूर्ण वाया.

आट्यांची नळी घेताना पहिला आकडा पाहायचा तो ट्विस्टचा, म्हणजे गोळीचा एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो त्याचा. बारा बोअरच्या बऱ्याच नळ्यांत तो ३४ ते ३६ इंच असतो, काहींत २८. वीस बोअरमध्ये २४ इंचही मिळतो. जाडीच्या मानाने गोळी जितकी लांब, तितका जलद ट्विस्ट, म्हणजे कमी इंचांत फेरा, तिला लागतो. म्हणून एकच सॅबो एका नळीत १०० यार्डांवर तीन इंचांत बसतो आणि दुसऱ्या नळीत फुटभर पसरतो. यात काडतुसाचा दोष नसतो.

तुमच्या बंदुकीला नळी बसेल का, हे मॉडेलच्या नावावरून ठरवू नका. मॅगझीनची (काडतुसं साठवणाऱ्या भागाची) लांबी आणि चेंबर (झाडताना काडतूस बसतं ती जागा) दोन्ही जुळावे लागतात. चेंबरबाबत एक धोका नीट समजून घ्या. काडतुसावर छापलेली लांबी ही झाडल्यानंतर तोंड उघडलेल्या खोळीची असते. त्यामुळे तीन इंची काडतूस पावणेतीन इंची चेंबरमध्ये सहज शिरू शकतं. झाडल्यावर मात्र तोंडाला उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो. नळीवर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय काडतूस भरू नका.

पंप किंवा सेमीऑटोमध्ये नेम बिघडण्याचं सर्वात दुर्लक्षित कारण म्हणजे रिसीव्हरमध्ये (बंदुकीच्या मधल्या धडात) सैल बसलेली नळी. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, एका हाताने रिसीव्हर धरा आणि दुसऱ्याने नळी हलवून पाहा. खटखट जाणवली तर मॅगझीनची टोपी पुरती आवळा. तरीही हलत असेल तर रिसीव्हरवर बसवलेला स्कोप तुम्हाला फसवत राहील, कारण नळी एकीकडे आणि स्कोप दुसरीकडे. अशा बंदुकीला कँटिलिव्हर माउंटची नळी घ्या, कारण तिच्यावर स्कोप नळीसोबतच हलतो. स्कोप थोडा उंच बसतो, म्हणून दस्त्यावर गालाखाली पट्टा लावावा लागतो. गाल हवेत राहिला तर डोळा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी येतो. स्लगसाठीच बंदूक घ्यायची असेल तर आमची पसंती घट्ट बसलेल्या नळीच्या बोल्ट अ‍ॅक्शनला, आणि तीही वीस बोअरमध्ये. हरणासाठी ती पुरून उरते. धक्का कमी, म्हणून चाप ओढताना खांदा आकसत नाही.

स्कोप २ ते ७ पट पुरे. डोळ्यापासून किमान साडेतीन इंच अंतर मिळायला हवं, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते.

आता काडतूस. तीन वेगवेगळे सॅबो, प्रत्येकाचं एक खोकं, असं घ्या. वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवा. गोळी अडवायला मागे मातीचा उंच बांध असलाच पाहिजे, कारण स्लग फार लांब जातो. पहिल्या गोळ्या २५ यार्डांवर झाडा, मग ५०, मग १००. प्रत्येक काडतुसाचे तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप घ्या आणि मधे नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा. काडतूस बदलताना नळी पुसून घ्या, नाहीतर आधीच्या प्लास्टिकचा थर नव्याचा निकाल बिघडवतो. सेकंदाला २,००० फूट वेगाचा सॅबो नेहमी जिंकतो असं नाही. पुष्कळ नळ्यांना १,५०० च्या आसपासचा संथ, जड सॅबो जास्त मानवतो. जो जिंकेल त्याच लॉटची आणखी खोकी लगेच घेऊन ठेवा.

जलद सॅबो १०० यार्डांवर दोन-अडीच इंच वर लागेल असा जुळवला की १५० यार्डांपर्यंत फारसा हिशोब करावा लागत नाही. फॉस्टर मात्र ५० यार्डांवर जुळवला तर १०० वर पाच-सहा इंच खाली जातो. त्याच्यासाठी ७५ यार्ड हीच मर्यादा धरा.

फॉस्टर आट्यांच्या नळीतून झाडता येतो, पण आट्यांत शिसं भरतं आणि काही गोळ्यांतच ग्रुप फाटायला लागतो. छर्रे तर अशा नळीतून नकोच. फिरण्यामुळे ते बाहेर फेकले जातात आणि मधोमध रिकामी जागा उरते. सॅबोचं प्लास्टिक आणि शिसं काढायला सॉल्व्हंट नळीत दहा मिनिटं मुरू द्या, मग चेंबरकडून कांस्य ब्रश फिरवा. साफ केलेल्या नळीची पहिली गोळी बऱ्याचदा वेगळ्या जागी लागते, तेव्हा शिकारीला निघण्याआधी रेंजवर एक-दोन झाडून नळी पुन्हा ओळीवर आणा.