एकही आकडा ठळक नव्हता

"ताई, सगळं नॉर्मल आहे, एकही आकडा ठळक आलेला नाही," असे सोलापुरातील सात रस्ता चौकाजवळच्या खाजगी लॅबमधील मुलीने आपुलकीने सांगितले, तेव्हा जिना चढतानाही गळून जाणाऱ्या मला हायसे वाटण्याऐवजी प्रश्नच पडला.

रिक्षात बसून मी रक्ततपासणीचा रिपोर्ट ओळ न ओळ वाचला. हिमोग्लोबिन १२.१ होते, म्हणजे स्त्रियांसाठीच्या १२ या सीमेच्या जेमतेम वर. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा आकडा, १४ होते. लॅबची नॉर्मल मर्यादा १० पासून सुरू होत असल्याने ते साध्या अक्षरांत छापलेले होते. जागतिक आरोग्य संघटना मात्र निरोगी प्रौढांमध्ये १५ च्या खालचे फेरिटिन ही लोहाची कमतरता मानते, कारण शरीरातील लोहाचा साठा आधी आटतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर घसरते.

संध्याकाळी डॉक्टरांनी नेमक्या त्याच आकड्याखाली पेनाने रेघ ओढली आणि पाळीत रक्तस्राव किती होतो, हे विचारले. तो प्रश्न कागदावर कुठेच नव्हता.

आपल्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या, टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने राबणाऱ्या कितीतरी बायका थकवा अंगावर काढतात. त्यांच्यापैकी एखादीने पैसे जमवून तपासणी केलीच, तर तिचा रिपोर्ट तिच्याशेजारी बसून कोण वाचणार?