चेन चढली एकदाची!

सकाळी नऊला वडगावातल्या आमच्या परड्यात सायकल उलटी टाकून बसलो, उठलो ते दिवेलागणीला. सायकलला इंजिन जोडतोय; ते कालच फ्रेमवर बसलं होतं. आज फक्त मागचं चक्र आणि चेन. फक्त म्हणे!

मागचं ४४ दात्यांचं चक्र हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) नाही, स्पोकवर बसतं. आत-बाहेर रबराच्या चकत्या, मध्ये ३६ स्पोक, आणि ९ बोल्ट. मी एका बाजूनं सरळ आवळत गेलो. चाक फिरवलं तर चक्र दारू प्यायल्यासारखं डुलतंय. काका कट्ट्यावर चहा पीत म्हणाले, "काय करालायस रे? समोरासमोरचे आवळ की, थोडं थोडं." बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, मशीनवर आयुष्य घालवलेला माणूस, ऐकलं. सगळं ढिलं करून परत. तासभर गेला, पण डुलणं एक-दोन मिलिमीटरवर आलं.

चेन ४१५ साइजची. पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, सायकलच्या चेनसारखीच अर्धा इंच, पण अंगानं जाड. क्लच दाबून धरला तेव्हा कुठं ती इंजिनच्या छोट्या चक्रावरून सरकली. मग दोन कड्या जास्त निघाल्या. कानशीनं रिव्हेट घासताना अंगठा सोलला तो वेगळाच. जोडकडीची क्लिप मी उलटी लावली होती, तेही काकांनीच बघितलं. तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं, नाहीतर निसटते.

अर्धा इंच ढील ठेवलाय. उद्या शेताच्या पाणंदीवर चालवून बघणार, रस्त्यावर नाही. हात अजून काळेच आहेत, आईनं भाकरी ताटात लांबून टाकली.